ध्वनी निर्माण होतो म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न असा आहे: ध्वनी कंपनातून निर्माण होतो असे आपण शाळेत शिकतो, मग मेघगर्जनेत, तारेवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या शिळेत किंवा बासरीत कंप पावते तरी काय? आणि निसर्गातले, यंत्रांतले व वाद्यांतले आवाज एकाच रीतीने तयार होतात की निरनिराळ्या? यंत्रांचा गोंगाट कमी करणे आणि वाद्यांचे ध्वनिगुण तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत सतत भेटतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

शाळेतले वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे, आणि तो अपुरेपणा सर्वांत स्वच्छ दाखवणारे साधन म्हणजे सायरन. फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये बनवलेल्या सायरनमध्ये समान अंतरावर भोके पाडलेली तबकडी एकसारख्या गतीने फिरते आणि तिच्याखालून दाबाखालची हवा येते. भोक समोर आले की हवेचा झोत सुटतो, भोक सरकले की तो तुटतो. तबकडीला २० भोके असतील आणि ती सेकंदाला २२ फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४४० झोत सुटतात आणि ४४० हर्ट्झचा ठाम स्वर ऐकू येतो. येथे स्वर देण्यासाठी कोणताही घन पदार्थ पुढेमागे हलत नाही. बदलते ते फक्त बाहेर पडणाऱ्या हवेचे प्रमाण. तेव्हा मूळ अट अशी मांडावी लागते की, एखाद्या ठिकाणी हवेवर, पाण्यावर किंवा धातूवर होणारी क्रिया काळानुसार बदलली पाहिजे, आणि तो बदल इतक्या झपाट्याने झाला पाहिजे की शेजारच्या थराला निवांतपणे बाजूला सरकायला सवड मिळू नये. अशी सवड मिळाली नाही की तो थर दाबला जातो, तो पुढच्या थराला दाबतो, आणि दाबाचा हा फरक २० अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने पुढे जातो. कंपन हा असा बदल घडवण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

हे फरक किती सूक्ष्म असतात याची कल्पना असलेली बरी. वातावरणाचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो, तर साध्या संभाषणातला ध्वनिदाब ०.०२ पास्कलच्या आसपास, म्हणजे त्याचा पन्नास लाखावा भाग. जेमतेम ऐकू येणाऱ्या १००० हर्ट्झच्या स्वरात हवेचे कण अणूच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढेच सरकतात. निर्माण होणारी ध्वनिशक्ती इतकी थोडी असते आणि कान इतका तीक्ष्ण असतो, म्हणूनच यंत्रातल्या नगण्य वाटणाऱ्या असमतोलाचाही आवाज आपल्याला छळतो.

पहिली रीत सायरनचीच: एखाद्या जागी आकारमान एकदम वाढणे किंवा घटणे. मेघगर्जना ही तिची सर्वांत भव्य आवृत्ती आहे. विजेच्या वाटेवरची हवा काही मायक्रोसेकंदांत ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, तिला पसरायला वेळच नसतो, म्हणून तिचा दाब अनेक पटींनी वाढतो आणि आघात तरंग, म्हणजे दाबाची अतितीव्र लाट, बाहेर फुटतो. तो थोड्याच अंतरात सौम्य होऊन साध्या ध्वनीत बदलतो. गडगडाट लांबतो याचे मुख्य कारण विजेच्या वाटेची लांबी हे असते. त्या वाटेचे एक टोक आपल्यापासून १ किलोमीटरवर आणि दुसरे ६ किलोमीटरवर असेल, तर एकाच क्षणी जन्मलेला आवाज आपल्यापर्यंत सुमारे १५ सेकंदांच्या अवधीत पसरून पोहोचतो. ढग एकमेकांवर आपटल्यामुळे गडगडाट होतो हा समज अजूनही भेटतो. ढगांमध्ये आपटण्यासारखे काही नसते.

पाण्यातले बहुतेक आवाजही याच जातीचे असतात, आणि माझ्या मते हा निसर्गातल्या ध्वनीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. झऱ्याची खळखळ किंवा नळाच्या थेंबाची टपटप ही पाण्यावर पाणी आपटल्याची नसून त्या आपटण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची असते. बुडबुड्यातली हवा स्प्रिंगप्रमाणे वागते आणि भोवतालचे पाणी त्या स्प्रिंगला लावलेल्या वजनाप्रमाणे. त्यामुळे बुडबुडा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आक्रसतो. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये यासाठी दिलेले सूत्र आजही वापरले जाते: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३३०० हर्ट्झचा स्वर देतो, १० मिलिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३० हर्ट्झचा. म्हणून लहान ओहोळ किणकिणतो आणि धबधबा घुमतो. उकळी फुटण्याआधी भांड्यातले पाणी जो सूं असा आवाज करते, तो तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरून चिरडले जातात त्याचा असतो. सगळे पाणी उकळीला पोहोचले की बुडबुडे चिरडले जात नाहीत आणि आवाज मऊ होतो. समुद्रातली एक कोळंबी हीच क्रिया शस्त्रासारखी वापरते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याच्या झोतात पोकळी तयार होते. ऐकू येणारा कडाका नांगीचे दोन भाग आपटल्याचा नसून ती पोकळी कोसळल्याचा असतो, हे २००० साली अतिवेगवान चित्रणातून सिद्ध झाले.

दुसऱ्या रीतीत आकारमान बदलत नाही, पण हवेवरचा जोर दिशा बदलत राहतो. तारेवरून वारा वाहतो तेव्हा तारेच्या मागे एकदा वरच्या आणि एकदा खालच्या बाजूने भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा सुटताना हवेवरचा जोर उलटतो. चेक शास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये मोजून दाखवले की या शिळेची वारंवारता वाऱ्याच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि तारेच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. तारेच्या ताणावर ती अवलंबून नसते. तार हेच कारण असते, तर ताण बदलताच स्वर बदलला असता. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा आणि २ मिलिमीटर जाडीची तार असेल, तर स्वर साधारण १००० हर्ट्झचा येतो, मग तार कितीही घट्ट धरून ठेवलेली असो.

तिसरी रीत सर्वांत दुबळी आहे: मोकळ्या हवेतल्या संक्षुब्ध, म्हणजे अस्ताव्यस्त घुसळणाऱ्या, प्रवाहात भोवरे एकमेकांना ढकलतात, आणि कोणताही पृष्ठभाग नसतानाही त्यांतून थोडा ध्वनी सुटतो. जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये सिद्ध केले की अशा झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला की शक्ती २५६ पट, म्हणजे सुमारे २४ डेसिबलने वाढते. दुबळी रीतही प्रचंड वेगाला कानठळ्या बसवणारी कशी होते, हे सुरुवातीच्या जेट विमानांनी जगाला ऐकवले. आजची विमाने तुलनेने शांत आहेत, कारण त्यांच्या इंजिनांचे रुंद पंखे पुष्कळ हवा कमी वेगाने मागे ढकलतात. तेवढाच रेटा मिळतो, पण झोताचा वेग उतरतो.

माझ्या रोजच्या कामात हा भेद फार उपयोगी पडतो. पंखा किंवा ब्लोअर गोंगाट करतो अशी तक्रार आली की पहिला संशय सांगाड्याच्या थरथरीवर घेतला जातो आणि रबराचे तुकडे शोधले जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आवाज पात्यांवरच्या बदलत्या जोराचा असतो, म्हणजे दुसऱ्या रीतीचा, आणि तो वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढतो. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर सुमारे ५ डेसिबल पदरात पडतात, जे रबराने कधीच पडले नसते. म्हणून लहान आणि वेगवान पंख्यापेक्षा मोठा आणि संथ पंखा केव्हाही बरा. याउलट ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव मात्र खरोखर घन पदार्थाच्या कंपनाचा असतो: चुंबकीय क्षेत्रामुळे त्याचा लोखंडी गाभा किंचित लांबतो आणि आखडतो, आणि क्षेत्राची दिशा कोणतीही असली तरी परिणाम सारखाच असल्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झचा स्वर मिळतो.

इथवरच्या उदाहरणांत बदल कोठून येतो हे उघड होते. वाद्यांत आणि गळ्यात प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे आत जाणारी शक्ती एकसारखी असते. फुंक संथ असते, गज सरळ ओढला जातो, भात्याचा दाब स्थिर असतो. मग त्यांतून सेकंदाला शेकडो वेळा होणारा बदल येतो कसा? उत्तर असे की, हलणारी वस्तू आपल्याच हालचालीने शक्तीचा पुरवठा उघडते आणि मिटते. व्हायोलिनच्या गजाला राळ लावलेली असते आणि राळेचे स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असते. तार गजाला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जाते. ओढल्यामुळे तारेत पडलेला आणि तिच्यावरून धावणारा कोन परत आला की ती सुटते, झटक्यात मागे जाते आणि पुन्हा चिकटते. प्रत्येक फेरीचा मोठा भाग चिकटलेला आणि लहान भाग सुटलेला असतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. दाराच्या बिजागरीचे कुरकुरणे आणि ब्रेकचे किंचाळणे ही याच यंत्रणेची, कोणी न शिकवलेली रूपे आहेत.

बासरीत फुंकेचा पातळ झोत समोरच्या कडेवर आदळतो आणि कधी कडेच्या आत, कधी बाहेर झुकतो. त्याने कधी झुकायचे हे नळीतला हवेचा स्तंभ ठरवतो, म्हणून स्वरही तोच ठरवतो. दोन्ही टोके उघडी असलेली ६० सेंटिमीटरची नळी साधारण २८६ हर्ट्झचा मूलस्वर, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, देते, टोकांजवळच्या हवेमुळे प्रत्यक्षात किंचित कमी. तीच नळी एका टोकाला बंद केली तर स्वर निम्म्यावर येतो आणि मूलस्वरासोबत निघणाऱ्या वरच्या स्वरांपैकी, म्हणजे उपस्वरांपैकी, सम क्रमांकाचे जवळजवळ नाहीसे होतात. हार्मोनियमची गोष्ट उलट आहे. तेथे पितळी सुराची पट्टीच स्वर ठरवते, परंतु कानावर पडणारा आवाज मुख्यतः पट्टीच्या हलण्याचा नसून तिने तुकडे केलेल्या हवेचा असतो, म्हणजे पुन्हा सायरनच. हा फरक तापमान बदलले की जाणवतो: १० अंशांनी हवा तापली तर बासरी अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांशाने चढते आणि हार्मोनियम जागच्या जागी राहते. एकत्र वाजवणाऱ्यांची त्यावरून होणारी कुरबुर सहसा दोघांच्याही कानांचा दोष नसतो.

गळ्यात स्वर ठरवणे आणि अक्षर घडवणे या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हातांत आहेत. फुप्फुसातली हवा स्वरपट्ट्यांना दूर ढकलते, पट्ट्यांची लवचिकता आणि वाहत्या हवेचा घटलेला दाब त्यांना पुन्हा जवळ आणतो. प्रत्येक उघडमिटीसाठी मेंदूकडून वेगळी आज्ञा येत नाही, हे आता निर्विवाद आहे. पुरुषांत ही उघडमीट सेकंदाला साधारण ११० ते १२० वेळा, स्त्रियांत २०० च्या आसपास होते. त्यातून निघतो तो केवळ एक खरखरीत गुंजारव. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला भेद घसा, जीभ आणि ओठ यांनी घडवलेल्या पोकळीचे अनुनाद करतात, म्हणजे ती पोकळी ज्या वारंवारता उचलून धरते त्या. हेलियम हुंगल्यावर आवाज चिरका होतो तेव्हा स्वरपट्ट्यांची गती फारशी बदललेली नसते. शुद्ध हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जवळपास तिप्पट असल्यामुळे तोंडातले अनुनाद वर सरकतात. (मनोरंजनासाठी हा प्रयोग करू नये, हेलियम प्राणवायूची जागा घेते.) कुजबुजताना तर पट्ट्या हलतच नाहीत, फक्त संक्षुब्ध प्रवाहाची सळसळ असते, तरीही शब्द कळतात, कारण अनुनाद जागेवर असतात. पक्ष्यांचा ध्वनी श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्या जागी निर्माण होतो आणि अनेक गाणाऱ्या पक्ष्यांना दोन्ही फाट्यांतून एकाच वेळी वेगळे स्वर काढता येतात.

मात्र बदल घडवणे ही अर्धीच गोष्ट झाली. तो हवेच्या गळी उतरवणे ही उरलेली अर्धी. ताणलेली तार उघड्यावर छेडली तर जवळजवळ ऐकू येत नाही, कारण ती एवढी बारीक असते की तिच्या पुढची हवा दाबली जाण्याऐवजी वळसा घालून मागे निसटते. म्हणून तार घोडीवर, म्हणजे तिच्या छोट्या आधारावर, टेकवतात, घोडी तबलीला, म्हणजे वाद्याच्या पातळ लाकडी पृष्ठाला, हलवते आणि तबलीचे रुंद लाकूड हवेला निसटू देत नाही. स्वर तारेचा, आवाज लाकडाचा. येथे एक तडजोड अटळ असते: तबली तारेची शक्ती जितक्या चटकन घेईल तितका आवाज मोठा, पण आस, म्हणजे स्वर टिकून राहणे, तितकी तोकडी.

हीच अडचण किड्यांनाही आहे. रातकिड्याच्या एका पंखाखाली दातेरी शीर असते आणि दुसऱ्या पंखाची कड तिच्यावरून घासली जाते. कित्येक जातींत त्यातून ४००० ते ५००० हर्ट्झचा स्वर निघतो, ज्याची तरंगलांबी साधारण ७ ते ८.५ सेंटिमीटर असते, म्हणजे पंखापेक्षा कितीतरी मोठी. परिणामी पंखाच्या पुढच्या दाबाची मागच्या दाबाशी गाठ पडून तो विरतो. काही वृक्षवासी रातकिडे यावर असा तोडगा काढतात की ते पानाला भोक पाडतात, त्यात बसतात आणि पंख भोकाच्या कडांशी जुळवून गातात. पान पुढचे आणि मागचे वेगळे ठेवते आणि आवाज वाढतो. स्पीकरला खोके लागते ते नेमके याच कारणाने. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये ज्या रूपात स्पीकर तयार केला तेच रूप आजही मुख्यत्वे चालते: चुंबकाच्या फटीत कॉइल, कॉइलला चिकटलेला शंकू. तो इतका अकार्यक्षम असतो की दिलेल्या विजेपैकी साधारण १ टक्काच ध्वनी होते, बाकी कॉइलची उष्णता.

पुन्हा वाद्यांकडे वळायचे ते चामड्याच्या पुडीसाठी. सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल पडद्याचे उपस्वर मूलस्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा बेताल पटींत येतात, म्हणून साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबला आणि मृदंगात मात्र ते जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटींत बसवलेले आढळतात, असे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवले. हे काम मधोमध थर देत चढवलेली शाई, म्हणजे काळा लेप, करते: तिचे वजन निरनिराळ्या कंपनप्रकारांना कमीअधिक प्रमाणात खाली ओढते आणि विखुरलेले उपस्वर रांगेत आणते. समीकरण हाती नसताना केवळ कानाने गाठलेली ही अचूकता मला वाद्यनिर्मितीतली सर्वांत मोठी कामगिरी वाटते. तंबोऱ्याची जवारी वेगळे काही साधते. तेथे घोडी पसरट आणि किंचित वक्र असते, तिच्यावर तारेखाली दोरा सरकवतात, आणि तार हलताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्शत राहते. त्या स्पर्शांतून शक्ती खालच्या उपस्वरांकडून वरच्यांकडे वाहते आणि आस उलगडत गेल्यासारखी ऐकू येते.

इलेक्ट्रॉनिक आणि संगणकीय ध्वनीबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण निर्मितीच्या दृष्टीने त्यात नवी रीत नाही. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाला स्वर काढायला लावले तेव्हापासून संगणक फक्त आकड्यांची मालिका देतो. ४४,१०० आकडे सेकंदाला, ही सीडीची पद्धत. त्या आकड्यांनी तबल्याचा किंवा कधीच अस्तित्वात नसलेल्या वाद्याचा आकार घेतला, तरी शेवटी एक पडदा पुढेमागे हलावाच लागतो आणि त्याला हवेचे तेच नियम लागू होतात. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर पडद्याला चौपट अंतर सरकावे लागते, आणि १००० हर्ट्झवरून ५० वर यायचे तर ४०० पट. नखाएवढ्या पडद्याला ते शक्य नसल्याने मोबाइलचा स्पीकर १२० हर्ट्झचा मूलस्वर जवळजवळ बाहेर टाकतच नाही. तरीही त्यावर ऐकू येणारा पुरुषाचा आवाज आपल्याला १२० हर्ट्झचाच वाटतो, कारण २४०, ३६०, ४८० या उपस्वरांमधले समान अंतर पाहून मेंदू गळालेला मूलस्वर स्वतःच भरून घेतो.